बदलत्या थंडीसाठी गाडीचे टायर कसे निवडावेत : श्टुटगार्ट परिसरात नव्याने आलेल्यांसाठी

पुणे, मुंबई, नाशिक या भागांतून नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत येणारी बरीच मराठी कुटुंबे श्टुटगार्टच्या आसपास स्थिरावतात. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, आणि इथल्या वाहन उद्योगामुळे मराठी अभियंत्यांची ये-जा सतत चालू असते. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालते, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन लायसन्स मिळवायचे आणि मग एखादी जुनी गाडी घ्यायची, असा बहुतेकांचा क्रम असतो. तोवर ऑक्टोबर उजाडतो आणि कचेरीतले सहकारी एकमेकांना विचारू लागतात, 'टायर बदललेस का?' आपल्याकडे तर टायर झिजला किंवा फुटला की बदलतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले तरी कोणी गाडीचे टायर बदलत नाही. त्यामुळे हा प्रश्न नवख्या माणसाला चमत्कारिक वाटतो, आणि खिडकीबाहेर बर्फाचा मागमूस नसल्यामुळे तो पुढे ढकलला जातो.

तो पुढे ढकलू नये, आणि घाईने भलतेच टायरही घेऊ नयेत, यासाठी हा लेख लिहीत आहे. फिनलंडसारख्या देशात हिवाळा सरळ असतो, तो आला की टिकतो. श्टुटगार्टचा हिवाळा तसा नाही. सकाळी पाऊस, दुपारी ऊन, संध्याकाळी ओला बर्फ आणि पहाटे त्याच ओल्या रस्त्यावर काचेसारखा थर, असे सगळे एकाच दिवसात घडू शकते. अशा हवेसाठी टायर निवडताना बर्फ किती पडतो यापेक्षा आपण कुठून कुठे आणि कोणत्या वेळी जातो, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो, आणि सुरुवात तिथूनच करावी लागते.

पहिली पायरी : आपला रस्ता कागदावर मांडावा

श्टुटगार्टचा मध्यभाग एका खोलगट वाटीत वसलेला आहे आणि त्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटर आहे. विमानतळ ज्या पठारावर आहे ते ३९० मीटरच्या आसपास आहे. तिथून उल्मच्या दिशेने ए ८ हा महामार्ग धरला की आयशेलबर्गनंतर श्वेबिश आल्ब या डोंगररांगेची चढण सुरू होते आणि माथ्यावर रस्ता साडेसातशे मीटरच्या आसपास पोहोचतो. दर १०० मीटर उंचीला तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरते असे धरले, तर शहरात ४ अंशांवर पडणारा पाऊस डोंगरमाथ्यावर शून्याच्या जवळपास पोहोचून बर्फ झालेला असतो, आणि हे अंतर गाडीने तासाभराचेही नाही. खंबाटकी किंवा बोरघाट चढताना खाली ऊन आणि वर धुके आपण पाहिलेले असते. इथे धुक्याच्या जागी निसरडा रस्ता असतो, एवढाच फरक.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. आठवड्यातले नेहमीचे रस्ते कोणते आणि त्यांतली सर्वांत उंच जागा कोणती, ही पहिली. त्या रस्त्यावर आपण पहाटे सातच्या आत किंवा रात्री उशिरा असतो का, ही दुसरी, कारण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी फिरून जाण्याआधीचा तास हाच सर्वांत वाईट असतो. तिसरी गोष्ट म्हणजे रस्ता फारच वाईट असेल तर गाडी घरी ठेवून लोकल गाडीने किंवा बसने जाण्याची सोय आपल्याला आहे का. पाळीची नोकरी असलेल्या किंवा लहान मुलाला पाळणाघरात सोडायला जाणाऱ्या माणसाचे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा 'नाही' असते, आणि या एका उत्तराने पुढची अर्धी निवड ठरून जाते.

दुसरी पायरी : नियम नीट समजून घ्यावा

जर्मनीत हिवाळी टायरची सक्ती तारखेला बांधलेली नाही, रस्त्याच्या स्थितीला बांधलेली आहे. डिसेंबर २०१० मध्ये स्पष्ट करण्यात आलेल्या वाहतूक नियमानुसार रस्त्यावर बर्फ, चिखलासारखा अर्धवट वितळलेला बर्फ, गोठलेला पाण्याचा थर किंवा गोठलेले दव असेल, तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवता येत नाही, मग तो ऑक्टोबर असो की एप्रिल. रस्ता कोरडा असेल तर जानेवारीतही उन्हाळी टायर कायद्याने चालतात. इथे लोकांच्या तोंडी 'फॉन ओ बिस ओ' असा एक ठोकताळा असतो, म्हणजे ऑक्टोबरपासून ऑस्टर्नपर्यंत, ईस्टरपर्यंत. तो कायदा नाही, पण पाळायला सोपा आणि शहाणपणाचा आहे.

नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि वाहतूक नियम मोडणाऱ्यांच्या फ्लेन्सबुर्ग इथल्या सरकारी नोंदवहीत एक दंडगुण लागतो. वाहतूक अडली तर दंड ८० युरोंवर जातो. अशी गाडी दुसऱ्याला चालवायला देणाऱ्या मालकालाही ७५ युरो आणि एक गुण लागू शकतो, त्यामुळे मित्राला गाडी देताना हे लक्षात ठेवावे. दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा असतो. निसरड्या रस्त्यावर उन्हाळी टायरने अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या भरपाईत निष्काळजीपणाच्या कारणावरून कपात होऊ शकते.

कायद्याच्या दृष्टीने हिवाळी टायर कोणता, हे टायरच्या बाजूवरच्या एका चिन्हाने ठरते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमस्फटिक, असे ते चिन्ह आहे आणि इथे त्याला 'आल्पाइन चिन्ह' म्हणतात. ठरावीक चाचणीत बर्फावर पुरेशी पकड दाखवल्यावरच ते मिळते. जुन्या टायरवर फक्त 'एम+एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरे असत आणि ती कंपनी स्वतःच छापत असे, त्यामागे चाचणीची अट नव्हती. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या अशा टायरना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सवलत होती, ती आता संपली आहे. जुन्या गाडीबरोबर कोणी 'एम+एस'वाला संच देऊ केला, तर जर्मनीत त्याचा हिवाळी टायर म्हणून उपयोग नाही.

सुट्टीत ऑस्ट्रियाला जाणार असाल तर एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असताना हिवाळी टायर लागतात आणि त्यांच्या खाचांची खोली किमान ४ मिलिमीटर असावी लागते. त्याहून कमी खोलीचा टायर तिथे हिवाळी मानलाच जात नाही. जर्मनीत कायद्याची किमान मर्यादा वर्षभर १.६ मिलिमीटर आहे, पण हिवाळ्यासाठी इथलेही जाणकार ४ मिलिमीटरच सांगतात, आणि माझ्या मते तीच आपली मर्यादा धरावी.

तिसरी पायरी : टायरमध्ये फरक कशाचा, हे हाताने पाहावे

माझी इथली पहिली गाडी मी एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली. जाहिरातीत 'आठ टायरसह' असे लिहिले होते, म्हणजे चार उन्हाळी आणि चार हिवाळी, आणि त्या एका ओळीवर मी खूश होतो. नोव्हेंबरच्या एका रविवारी आम्ही ब्लाउबॉयरेनचा निळा झरा पाहायला निघालो. शहरात ५ अंश आणि रिमझिम पाऊस होता. आल्बवर पोहोचलो तेव्हा पावसाचे ओल्या बर्फात रूपांतर झाले होते. एका गावात उतारावर थांब्याच्या पाटीपाशी मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरू लागले, आणि गाडी चालण्याच्या वेगाने, अगदी सावकाश, पांढरी रेघ ओलांडून चौकात जाऊन थांबली. आडव्या रस्त्याने कोणी येत नव्हते म्हणून निभावले. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती. तिला काही कळले नाही, मला मात्र ते काही सेकंद अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने टायरवरचे आल्पाइन चिन्ह पाहिले, खाचेत नाणे घालून पाहिले आणि दोन्ही ठीक म्हणून मान हलवली. मग त्याने नक्षीच्या एका ठोकळ्यावर अंगठ्याचे नख दाबले आणि मलाही दाबायला सांगितले. नख रुतले नाही, लाकडावर दाबावे तसे घसरले. शेजारच्या नव्या टायरवर तेच केले, तर ठोकळा खोडरबरासारखा दबला आणि त्याच्या अंगावरच्या बारीक चिरा मिटल्या-उघडल्या. त्यानंतर त्याने बॅटरीच्या उजेडात माझ्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. टायर नऊ वर्षांचे होते. खाचा शाबूत होत्या, रबर मेले होते.

हिवाळी टायरचे सगळे तंत्र या दोन गोष्टींत आहे. रबर थंडीत कडक होते, आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात शिरू शकत नाही, म्हणून पकड जाते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त असते आणि त्यात सिलिका असते, त्यामुळे तो शून्याच्या खालीही मऊ राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या बारीक चिरा, ज्यांना इथे 'लामेलेन' म्हणतात. चाक फिरताना प्रत्येक चीर उघडते आणि तिची धार बर्फात रुतते. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फ बर्फाला धरतो, त्याचीही पकडीला मदत होते. उन्हाळी टायरचे ठोकळे मोठे, घट्ट आणि चिरा नसलेले असतात. तापलेल्या कोरड्या रस्त्यावर तो गुण असतो, बर्फावर तोच दोष ठरतो.

'तापमान ७ अंशांच्या खाली गेले की हिवाळी टायर' असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा ढोबळ आहे. ८ अंशांवर चांगला असलेला उन्हाळी टायर ६ अंशांवर एकाएकी निकामी होत नाही, आणि नुसत्या थंड, ओल्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर बऱ्याचदा हिवाळी टायरच्या बरोबरीने थांबतो. त्या आकड्याचा खरा उपयोग पंचांगासारखा आहे : दुपारचे तापमान ७ अंशांपर्यंत उतरू लागले की पहाटे शून्य गाठले जाण्याचे दिवस आले असे समजावे आणि काम उरकून घ्यावे.

फरक किती पडतो, ते साध्या गणिताने पाहता येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, रस्ता आणि टायर यांच्यातला घर्षणांक ०.३ असेल तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ३३ मीटरवर थांबते. तो ०.१५ वर आला तर ६६ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर चांगला हिवाळी टायर आणि उन्हाळी टायर यांच्यातला फरक साधारण याच जातीचा असतो. गाडीचे चारही चाकांना ताकद देणारे तंत्र इथे कामाला येत नाही. ते गाडी चढणीवर ओढून नेते, थांबवण्याचे काम मात्र टायरनाच करावे लागते. 'आमची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे' हे उत्तर म्हणूनच मला फार धोकादायक वाटते.

चौथी पायरी : हिवाळी की बारमाही, हे ठरवावे

नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला मध्य युरोपसाठी बनवलेला हिवाळी टायर, जो ओल्या रस्त्यावर आणि महामार्गाच्या वेगावरही स्थिर राहतो. दुसरा उत्तर युरोपसाठीचा, अतिशय मऊ, ज्याच्या लेबलवर बर्फाच्या लादीवरील पकडीचे वेगळे चिन्ह असते. 'अधिक थंडीचा म्हणजे अधिक चांगला' असे समजून काही जण तो मागवतात. ती चूक करू नये, कारण आपल्या इथले बहुतेक हिवाळी दिवस ओले किंवा कोरडे असतात आणि अशा रस्त्यावर तो टायर थांबायला जास्त अंतर घेतो. खिळ्यांचे टायर तर जर्मनीत जवळजवळ सर्वत्र बंदच आहेत. तिसरा प्रकार बारमाही टायर, इथल्या भाषेत 'गान्झयाररायफन'. आल्पाइन चिन्ह असलेला बारमाही टायर कायद्याने पूर्ण चालतो.

बारमाही टायरबद्दल टोकाची मते ऐकू येतात. माझे मत असे आहे की तो प्रामाणिक तडजोडीचा टायर आहे, आणि तडजोड कोणाला परवडते ते पहिल्या पायरीतल्या कागदावर लिहिलेले असते. तुम्ही नेकार नदीच्या खोऱ्यात राहता, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत गाडी चालवता, गाडी लहान आहे आणि बर्फ पडला तर ती घरी ठेवून लोकलने जाता येते, तर चांगल्या कंपनीचा बारमाही संच घेऊन वर्षातून दोनदा बदलण्याची यातायात वाचवण्यात काहीही गैर नाही. अपोलो टायर्सने २००९ मध्ये विकत घेतलेली नेदरलँड्सची फ्रेडेश्टाइन ही कंपनी याच प्रकारच्या टायरसाठी युरोपात ओळखली जाते, आणि भारतीय मालकीचे नाव इथल्या दुकानात भरवशाने घेतले जाताना ऐकून बरे वाटते.

पण रोजचा रस्ता आल्बवर चढत असेल, ब्लॅक फॉरेस्टकडच्या एखाद्या उंच गावात घर असेल, पहाटेची पाळी असेल, हिवाळ्यात आल्प्सकडे जायचे ठरलेले असेल किंवा वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर होत असतील, तर दोन वेगळे संच घ्यावेत. पैशाचा हिशेब वाटतो तितका वाईट नाही. एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही, म्हणून दोन संच मिळून साधारण दुप्पट काळ जातात. खरा जास्तीचा खर्च रिमचा, बदलण्याचा आणि जागेचा असतो. मधला एक पर्याय काही जण निवडतात, तो म्हणजे दोनच हिवाळी टायर घेऊन इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, म्हणजे सहसा पुढच्या, चाकांवर लावणे. असे कधीही करू नये. पुढची चाके धरतात आणि मागची सुटतात, आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. टायर चारही एकाच जातीचे असावेत.

पाचवी पायरी : आकडे वाचायला शिकावे

समजा टायरच्या बाजूवर २०५/५५ आर १६ ९१ एच असे लिहिले आहे. २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. ९१ हा वजनाचा निर्देशांक असून त्याचा अर्थ एका टायरला ६१५ किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी म्हणजे १९०, क्यू म्हणजे १६० आणि व्ही म्हणजे २४०. वजनाचा निर्देशांक ठरलेल्यापेक्षा कमी घेता येत नाही. वेगाच्या अक्षरात मात्र हिवाळी टायरना सवलत आहे : गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी अक्षराचा टायर चालतो, फक्त ती मर्यादा लिहिलेली चिकटपट्टी चालकाला दिसेल अशी लावावी लागते.

आपल्या गाडीला कोणता आकार चालतो, हे नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत असते. तिथे सहसा एकच आकार छापलेला असतो, प्रत्यक्षात मान्य आकार अधिक असतात आणि त्यांची यादी सीओसी नावाच्या, गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या प्रमाणपत्रात मिळते. जुनी गाडी घेताना हा कागद आग्रहाने मागून घ्यावा. मान्य आकारांपैकी लहान रिमचा आणि कमी रुंदीचा आकार हिवाळ्यासाठी निवडावा, असा माझा सल्ला आहे. तो स्वस्त पडतो, खड्ड्यांत रिमला मार कमी बसतो आणि काही गाड्यांना बर्फात चाकावर बांधायची साखळी फक्त त्याच आकारावर लावता येते.

आता ते चार आकडे. बाजूवर 'डीओटी' अशी अक्षरे असतात आणि त्या ओळीच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार अंक असतात. ३८२४ म्हणजे २०२४ सालचा अडतिसावा आठवडा. हे अंक अनेकदा टायरच्या आतल्या बाजूला येतात, म्हणून गाडीखाली वाकून, चाक वळवून, बॅटरी लावून पाहावे लागते. लाजू नये. माझे नऊ वर्षांचे टायर मी त्या दिवशी वाकलो असतो तर मला विक्रेत्याच्या आवारातच दिसले असते. कार्यक्षम हिवाळी टायरसाठी आठ वर्षे ही वरची मर्यादा धरावी, आणि नवा म्हणून घेतलेला टायर दोन वर्षांपेक्षा जुना नसेल असे पाहावे.

खाचांची खोली मोजायला दोन युरोचे नाणे पुरते. त्याची बाहेरची रुपेरी कड सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते. नाणे मुख्य खाचेत उभे धरले आणि रुपेरी कड पूर्ण बुडाली, तर खोली पुरेशी आहे. त्या कडेचा काही भाग खाचेच्या वर दिसू लागला, तर नवा संच घेण्याची वेळ आली. एकाच जागी न मोजता मध्ये आणि दोन्ही कडांना मोजावे, कारण हवा कमी असेल तर कडा आधी झिजतात. नवा हिवाळी टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो.

सहावी पायरी : खरेदी

एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संघटना दर शरद ऋतूत हिवाळी टायरच्या चाचण्यांचे निकाल जाहीर करते. त्यात एकूण गुणांपेक्षा ओल्या रस्त्यावरचे आणि बर्फावरचे गुण वेगवेगळे पाहावेत. बदलत्या हवेसाठी ओल्या रस्त्यावर कच्चा असलेला टायर, बर्फावर कितीही चांगला असला तरी, मी घेणार नाही. मे २०२१ पासून युरोपीय लेबलवर इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशा श्रेणी असतात आणि आल्पाइन चिन्हही असते, पण बर्फावर कोण अधिक चांगला, हे लेबल सांगत नाही. त्यासाठी चाचण्याच वाचाव्या लागतात. खरेदी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला करावी. पहिला बर्फ पडला की गॅरेजमध्ये वेळ मिळत नाही आणि आपल्या आकाराचे चांगले टायर संपलेले असतात.

सातवी पायरी : बसवणे आणि पहिले पन्नास किलोमीटर

शक्य असेल तर हिवाळी टायर वेगळ्या रिमवरच घ्यावेत. पत्र्याचे साधे रिम पुरतात. तसे नसेल तर दर वेळी टायर रिमवरून उतरवून चढवावे लागतात, बॅलन्सिंग पुन्हा करावे लागते आणि टायरच्या कडेला ताण बसतो. नोव्हेंबर २०१४ पासून नव्याने नोंदलेल्या प्रत्येक गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असते. ती चाकातल्या संवेदकावर चालणारी असेल तर हिवाळी चाकांतही संवेदक हवेत, आणि ती चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेणारी असेल तर टायर बदलल्यावर तिला नव्याने शिकवावे लागते. कोणती यंत्रणा आहे हे चाके मागवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

घरी चाके बदलणार असाल तर टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहावा, बोल्ट तिरपे आळीपाळीने आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्ना वापरावा. किती आवळायचे, हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चारांपैकी दोन टायर जास्त खोल खाचांचे असतील तर ते मागे लावावेत. पन्नास किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत. गॅरेजच्या पावतीवरही ही सूचना छापलेली असते आणि बहुतेक जण ती न वाचता खिशात घालतात. हवा थंड टायरमध्ये तपासावी. तापमान १० अंशांनी उतरले की दाब साधारण ०.१ बारने घटतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत पुन्हा पाहावी लागते. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावेत, कारण त्यांच्या पृष्ठभागावरचा गुळगुळीत थर निघून जावा लागतो.

आल्प्सकडे जाताना निळ्या गोल पाटीवर साखळी बांधलेल्या चाकाचे चित्र दिसले, तर तिथून पुढे साखळी लावणे बंधनकारक असते, हिवाळी टायर असले तरीही, आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. साखळी एकदा घरच्या अंगणात, कोरड्या दिवशी, हातमोजे घालून लावून पाहावी. घाटात, अंधारात, बोटे गारठलेली असताना ती पहिल्यांदा उलगडण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आठवी पायरी : उतरवणे आणि ठेवणे

ईस्टर लवकर आला तर घाई करू नये. मार्चच्या शेवटी आल्बवर बर्फ पडणे इथे नवलाचे नाही. उलट मे महिन्यातही हिवाळी टायर ठेवले तर ते भराभर झिजतात आणि उन्हात गाडी थांबायला जास्त अंतर लागते. चाके उतरवल्यावर धुऊन, खाचांतले खडे काढून, कोरडी करावीत आणि थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावीत. रिमसकट असतील तर एकावर एक आडवी रचावीत किंवा टांगावीत, नुसते टायर असतील तर उभे ठेवून अधूनमधून फिरवावेत. तळघरात जागा नसेल तर गॅरेजवाले हंगामाच्या भाड्याने ठेवून घेतात. उतरवतानाच प्रत्येक चाकावर खडूने जागा लिहावी. गॅरेजमध्ये 'फाउ एल' आणि 'फाउ आर' लिहितात, म्हणजे पुढचे डावे आणि पुढचे उजवे. आमच्या तळघरात ते मराठीतच लिहिलेले असते, आणि त्याच्या खाली त्या दिवशी मोजलेली खाचेची खोली.